उजव्या पानावरचं

समाधानच्या पहिल्या स्मृतिदिनाला उमापूरला जायचं, सासरच्या माणसांत दिवसभर बसायचं आणि येताना लाल वही घेऊन यायची, एवढंच पौर्णिमाने ठरवलं होतं. जाणं सोपं होतं. बसणंही तिच्या अंगवळणी पडलं होतं. अडचण वहीची होती.

समाधान गेवराईत एका खासगी शाळेत क्लार्क होता, पण तालुका त्याला त्या नोकरीमुळे ओळखत नव्हता. चकलांब्यापासून तलवाड्यापर्यंत कोणाच्याही घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असला की माइक समाधानच्या हातात असायचा. त्याच्यावाचून कार्यक्रम सुरू होत नसे, आणि तो वेळेवर कधी येत नसे, त्यामुळे तालुक्यातले सगळे दुःखाचे कार्यक्रम तासभर उशिरानेच सुरू व्हायचे.

त्याचं खरं कौशल्य मात्र माइकच्या आधीचं होतं. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना लग्नात बोलता येतं, निवडणुकीत तर थांबवावं लागतं; पण मयतावर बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडते. मग ते मांडवाच्या मागे समाधानला गाठायचे. "सर, दोन शब्द लिहून द्या की." समाधान पिशवीतून लाल पुठ्ठ्याची जाड वही काढायचा आणि त्यातून चिठ्ठी उतरवून द्यायचा. वहीच्या डाव्या पानांवर शाईने तयार भाषणं होती; नंबरही फक्त त्या पानांनाच. पान तीन म्हाताऱ्या माणसासाठी, सात नोकरदारासाठी, अकरा बाईमाणसासाठी, चौदा विधवेच्या मनोगतासाठी. 'कालकथित' या शब्दापुढे टिंबं दिलेली. मयताचं नाव तिथे भरायचं.

उजवी पानं कोरी ठेवायची असं त्याच्या मनात होतं. ती भरली पौर्णिमामुळे.

पौर्णिमा गेवराईतच रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. हिमोग्लोबिन सात निघालं तर रिपोर्टवर सातच लिहायचं, पेशंटच्या घराण्याकडे बघून बारा लिहायचं नाही, ही तिची सवय. समाधान कार्यक्रमाहून आला की ती भाकरी थापता थापता विचारायची, "कोण गेलं होतं?"

"पोलीस पाटील. वटवृक्ष होते."

"ते पान तीन झालं. माणूस कसा होता?"

मग समाधान हसत पंगतीत ऐकलेलं सांगायचा. तिला जे पटेल ते उजव्या पानावर शिसपेन्सिलीने लिहायचा. 'पोलीस पाटील. दारू सोडली असं गावासमोर तीनदा जाहीर केलं. तिन्ही वेळा मनापासून.' किंवा, 'साखराबाई, तलवाडा. चार सुनांना नांदू दिलं नाही. पाचवीला अंगावरच्या पाटल्या काढून दिल्या. कावून, ते कुणालाच कळलं नाही.' कोणता शब्द ठेवायचा यावरून दोघांची भांडणं व्हायची, तव्यावरची भाकरी करपायची. अकरा वर्षांचा त्यांचा संसार असा त्या उजव्या पानांवर होता. त्यांना मूल नव्हतं.

गेल्या वर्षी समाधान आई-वडिलांना भेटायला उमापूरला गेला, तिथेच छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. वही पिशवीत होती, पिशवी तिथेच राहिली. धाकटा भाऊ प्रविण गावात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवतो. समाधानच्याच जलदान विधीच्या दिवशी सूत्रसंचालनाला कुणी नव्हतं म्हणून त्याने ती वही उघडली, आणि मग ती मिटलीच नाही. आता तालुक्यातला माइक प्रविणकडे होता.

पौर्णिमाने फोनवर तीनदा वही मागितली. तिन्ही वेळा उत्तर एकच. "पुढल्या महिन्यात देतो, वहिनी. सध्या कार्यक्रम लई हायेत."

पंधरा दिवसांपूर्वी प्रविणच्या स्टेटसला त्याचा माइकपुढचा फोटो आला. हातात वही उघडी. पौर्णिमाने फोटो बोटांनी मोठा केला. डावीकडे शाई दिसली. उजवीकडे कसल्याशा कार्यक्रमाची पत्रिका डिंकाने चिकटवलेली होती आणि तिच्या कडेखालून शिसपेन्सिलीची अर्धी ओळ डोकावत होती. 'चार सुनांना नां'. प्रविणने साखराबाईवर पत्रिका डकवली होती. उरलेल्या पानांचं काय होणार हे सांगायला लॅबची गरज नव्हती.

म्हणून ती पांढरी साडी नेसून सकाळच्या एसटीने उमापूरला उतरली.

घरासमोर मांडव घातलेला होता. दोन प्रतिमा, हार, मेणबत्त्या, आणि मागे मोठं फ्लेक्स. फ्लेक्सवर समाधान कोटात होता. त्याने जन्मात कोट घातला नव्हता. प्रविणने दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्याला तो घातला होता. खाली लिहिलं होतं, 'मनमिळाऊ, निर्व्यसनी, वक्तशीर.' वक्तशीर वाचून पौर्णिमाला ठसका लागला. शेजारच्या बाईने लगेच पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला.

सासरे कचरूमामा दाराशी बाजेवर बसले होते. कालव्यावर पाटकरी होते ते. पाणी सोडायचं आणि बंद करायचं, यातच त्यांची नोकरी गेली. बोलणंही तसंच, मोजून सोडलेलं.

"ये, बाई. वरीस-सरादाला येळेवर आलीस."

"आबा," प्रविण आतून धावत आला, "सराद न्हाई म्हणायचं. कितींदा सांगू? पुण्यानुमोदन!"

"बरं, पुण्यानुमोदन. काय बी म्हण, पोरगं तर येत न्हाई."

सासू जाईबाई आत परातीतली बुंदी मोकळी करत होती. तिने सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाळलीस. एकटीला सैपाक करायचा कटाळा येतो का?"

"येतो, आत्या."

"एखादं लेकरू आसतं तर त्याच्यासाठी तरी केला आसता," जाईबाई म्हणाली आणि पुन्हा बुंदीकडे वळली.

हे वाक्य पौर्णिमाला पाठ होतं, वहीतल्या पानांसारखंच. अकरा वर्षं सणाला, लग्नाला, आजारपणाला ते ऐकायचं आणि गप्प बसायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. मूल का नाही, याचा रिपोर्ट तिच्याच लॅबमध्ये निघाला होता. तो समाधानचा होता. त्या रिपोर्टबद्दल जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक आता फ्लेक्सवर होतं.

तिने प्रविणला मांडवाच्या मागे गाठलं. जिथे पुढारी समाधानला गाठायचे तिथेच.

"भावजी, वही द्या."

"वहिनी, आजच्या दिवशी तरी..."

"तुम्हाला डावी पानंच लागतात ना? फोटो काढून ठेवा मोबाईलमधी."

"काढलेत की! पर मोबाईल बघून बोललं तर लोकं म्हणतेत, ह्यो मयताच्या घरी व्हॉट्सॲप बघायलाय. लाल वही हातात आसली की मांडव गप बसतो. दादाची वळख हाय ती."

"आणि उजव्या पानांवर पत्रिका चिकटवताय ते?"

"ते दादाचं रफ काम हाय, वहिनी. शिसपेनचं. चष्मा लावून बी लागत न्हाई." प्रविणने वही बगलेत घट्ट धरली. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती, हीच पंचाईत. "आन् तुमचं मनोगत शेवटी ठिवलंय. पान चौदा. चिठ्ठी देतो उतरवून."

"मी बोलत नसते."

"न बोलून कसं? पत्रिकेत छापलंय!"

त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. पहिले उठले सोसायटीचे चेअरमन सुग्रीवराव. त्यांनी खिशातून घडीच्या रेषांवर फाटत आलेला कागद काढला. पौर्णिमाने लांबूनच अक्षर ओळखलं.

"कालकथित समाधान सर," सुग्रीवराव म्हणाले, "म्हणजे एक वटवृक्ष होते."

पान तीन. म्हाताऱ्या माणसाचं. समाधानने ते सुग्रीवरावांना सहा वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं आणि त्यांनी ते आतापर्यंत दहा-बारा जणांवर वाचलं असेल. यापुढे काय येतं ते पौर्णिमाला माहीत होतं. मनात ती म्हणत होती, तेवढं गाळा, चेअरमन. तेवढी ओळ गाळा.

"या वटवृक्षाने," सुग्रीवरावांनी आवाज चढवला, "मुलाबाळांना, नातवंडा-पतवंडांना मायेची सावली दिली."

मांडवात कुणीच दचकलं नाही. दोघा-तिघांनी माना हलवल्या. एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. बेचाळिसाव्या वर्षी निपुत्रिक गेलेल्या माणसाला पतवंडं मिळाली आणि कुणाचीही हरकत नव्हती. बायकांमध्ये बसलेल्या जाईबाईचा हात मात्र गुडघ्यावर होता तो खाली आला आणि जमिनीवर टेकला.

मग शाळेचे मुख्याध्यापक उठले. त्यांनी पान सात वाचलं. "त्यांच्या येण्यावर घड्याळ लावावं, असे ते वेळेचे पक्के." मुख्याध्यापकांनीच समाधानला उशिराबद्दल दोनदा लेखी खुलासा मागितला होता, त्या नोटिशीचा मसुदाही समाधाननेच लिहून दिला होता. त्यानंतर आणखी तिघे बोलले. समाधान नव्हता, पण त्याच्या श्रद्धांजलीला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा शब्द नव्हता. शेवटचा वक्ता एका ठिकाणी अडखळला तेव्हा पुढचा शब्द पौर्णिमाच्या ओठांवर आला होता.

"आता दुःखाचा डोंगर छातीवर झेलणाऱ्या," प्रविण म्हणाला, "कालकथितांच्या सुविद्य पत्नी पौर्णिमावहिनी आपलं मनोगत व्यक्त करतील."

पौर्णिमा उठली. प्रविणने चिठ्ठी पुढे केली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि परत दिली.

"तुमचं अक्षर लागत नाही, भावजी. वहीतूनच वाचते."

दीड-दोनशे माणसं बघत होती. विधवा नवऱ्याच्या हस्ताक्षरातून वाचायची म्हणते, यात नाही म्हणायला जागाच नव्हती. प्रविणने दोन्ही हातांनी वही दिली.

तिने पान चौदा उघडलं. वहीच्या बदल्यात तेवढं वाचायचं तिने ठरवलं होतं. वही हातात आल्यावर खाली बसायची घाई तिला नव्हती. "माझे पती कालकथित," तिने सुरुवात केली, "यांनी मला संसारात कधीही..." आणि तिची नजर उजव्या पानावर गेली.

त्या पानावर काही असेल असं तिला वाटलंच नव्हतं. चौदावं पान लिहिलं त्या दिवशी ते भांडले होते, हे तिला आठवत होतं. 'असलं गुळचट कोणती बाई बोलते?' असं ती म्हणाली होती. 'सगळ्या बोलतेत,' असं तो. पीठ मळलेले हात धुवायला ती उठली होती. तेवढ्यात त्याने लिहिलं असणार. शिसपेन्सिलीने, घाईघाईत:

'पौर्णी हे भाषण कधीच वाचणार नाही. लागली पैज.'

पौर्णिमाला हसू फुटलं. तिने ते दाबलं तर ते नाकातून बाहेर पडलं, आणि माइक चांगल्या कंपनीचा असल्यामुळे ते मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं. तिने पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

सगळा मांडव हुंदक्यांनी भरून गेला. बायका धावल्या, दोघींनी तिला धरून खाली बसवलं. "रड, बाई, रड. मोकळी हो," एकजण म्हणाली. सुग्रीवरावांनी चष्मा पुसला.

"वहिनींच्या भावना अनावर झाल्या आहेत," प्रविण माइकवर म्हणाला. "अशा प्रसंगी शब्द अपुरे पडतात." हे पान दोन.

पौर्णिमाने वही मांडीवर घेतली, तिच्यावर पदर ओढला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. प्रविण दोनदा जवळ येऊन गेला. पण नवऱ्याच्या अक्षरावर ओणवून बसलेल्या विधवेच्या मांडीवरून वही ओढून घ्यायची, तीही दोनशे लोकांसमोर, एवढी हिंमत तालुक्यातल्या कुठल्याच सूत्रसंचालकात नव्हती. पदराखाली तिने नखाने एका चिकटवलेल्या पत्रिकेची कड उचलून पाहिली. डिंक पातळ होता. सुटत होती.

आभाराची वेळ आली. आभार पान सोळावर होते. प्रविणने माइक हातात घेतला, मोकळ्या हाताकडे पाहिलं, मग पौर्णिमाकडे, मग फ्लेक्सकडे.

"दादा," तो म्हणाला आणि थांबला. "आज... दादा आसता तर आभार त्यानंच मानले आसते." त्याने माइक या हातातून त्या हातात घेतला. "मला काय सुचंना. जेवल्याबिगर जाऊ नगा."

त्या दिवसात माइकवर बोललं गेलेलं आणि समाधानने न लिहिलेलं, एवढंच.

पंगती उठल्या. पौर्णिमा वही घेऊन आतल्या खोलीत गेली. जाईबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने दाराकडे बघून खात्री केली की दुसरं कोणी नाही.

"हासलीस कावून?"

"आत्या, मी..."

"मांडव खुळा हाय, मी न्हाई. तुझं रडणं बघितलंय मी. रडताना तुझं खांदं हालत न्हाईत."

पौर्णिमाने वही उघडली आणि उजव्या पानावरची ओळ वाचून दाखवली.

"मंग, जिंकला म्हण की."

"जिंकला."

"लई खोडील. ल्हानपनापसनं." तिने वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. जाईबाईला वाचता येत नव्हतं. "ह्याच्यात तो मेलेल्यांचं खरं लिवायचा न्हवं? मला सांगितलंतं एकदा. मी मेले का प्रविण काय म्हणंल माझ्यावर?"

"पान अकरा. मायेचा सागर."

"सागर!" जाईबाई फणकारली. "पैठणचं धरण सोडलं तर पानी बघितलं न्हाई म्या कधी. त्याच्या फुडचं पान रिकामं हाय का?"

समोरच्या पानावर सात-आठ बायका शिसपेन्सिलीने दाटीवाटीने होत्या. खाली चार बोटं जागा होती.

"हाय."

"मंग घे लिवून माझं. समाधान लिवणार व्हता, त्यो तर गेला." तिने सावरून मांडी घातली, पदर नीट केला, जणू फोटोच काढायचा होता. "जाईबाई कचरू, उमापूर. खुरपायला गावात पयली."

पौर्णिमाने पर्समधून पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि लिहिलं.

"दोन ल्योक. थोरल्याकडं वढा जास्ती. धाकट्याला ते ठावं हाय, बोलत न्हाई." ती थांबली. बाहेर कचरूमामा पाण्याचा ड्रम लवंडायला सांगत होते. "सुनंला पोरावरनं अकरा वरसं बोलली."

पेन्सिल थांबली.

"लिव की. खरं हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग? आन् फुडं लिव. दोष सुनंचा न्हवता, ते जाईबाईला ठावं व्हतं." जाईबाईने वहीकडे बघितलं, सुनेकडे नाही. "त्यानं मला लॅबचा कागद दावलाता. पाच वरसं झाली. वाचून दाखीवला. म्हनला, आये, पौर्णीला बोलू नगं, मला बोल. आता ल्येकाला कसं बोलावं? म्हनून तुलाच बोलत राहिले."

पौर्णिमाला वाटलं होतं की तो रिपोर्ट आपण एकटीने सांभाळला. पाच वर्षं तिघं जण तो एकमेकांपासून लपवत सणवार करत होते. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जे सुचलं ते सगळं डाव्या पानावरचं होतं. म्हणून तिने फक्त लिहिलं. सासूच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता.

जाईबाई वाकून त्या करड्या ओळींकडे पाहत राहिली.

"शिसपेनचं पुसलं तर पुसतं का गं?"

"पुसतं, आत्या." पौर्णिमाने खोडरबर शोधायला पर्स पुढे ओढली.

"मंग पेनानं लिव."

पर्समध्ये लॅबचं पेन होतं, रिपोर्टवर सही करायचं. पौर्णिमा पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाई फिरवायला लागली. ती दुसऱ्या ओळीवर आली तेव्हा प्रविण दारात उभा राहिला. हातात बुंदीची पत्रावळ, चेहरा ओशाळा.

"वहिनी, ती वही... परवा तलवाड्याला कार्यक्रम हाय."

"मोबाईल बघून बोल," जाईबाई म्हणाली. "न्हाईतर आज बोललास तसं बोल, तेवढं बरं व्हतं. वही तिच्याकडं ऱ्हाईल."

"पर आये..."

"दार लाव. आमचं लिवून व्हायचंय अजून."